पाळण्यातले पाय आणि पाच तारे

प्रिय ताई,

मी मूळची सांगलीची, गेली चोवीस वर्षं टेक्सासमध्ये आहे. नवरा इथलाच, एका छोट्या कॉलेजातून अमेरिकन फुटबॉल खेळलेला. आमचा मुलगा वीस वर्षांचा, सहा फूट सहा इंच, तीनशे पौंड. ऑफेन्सिव्ह टॅकल म्हणून खेळतो. शाळेत असताना कॉलेज भरतीसाठी खेळाडू जोखणाऱ्या एका साइटने त्याला पाच तारे दिले होते, दुसरीने चार. घरी रोज कुठल्या ना कुठल्या कोचचा फोन यायचा. डिसेंबर २०२३ मध्ये शाळेच्या जिममध्ये टेबलावर चार विद्यापीठांच्या चार टोप्या मांडल्या होत्या. त्याने त्यातली एक उचलून डोक्यावर घातली तेव्हा सांगलीत रात्रीचे दीड वाजले होते आणि माझी आई व्हॉट्सॲपवर जागी होती.

आता दुसरा सीझन संपला. पहिलं वर्ष रेडशर्टमध्ये गेलं, म्हणजे संघात असून न खेळता तो सीझन पुढे राखून ठेवला. यंदा सात सामन्यांत मैदानावर उतरला, तोही फक्त फील्ड गोलच्या किकच्या वेळी भिंतीत उभं राहण्यापुरता. ज्या कोचने त्याला आणलं तो दुसरीकडे गेला, आणि पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, आलेला एक मोठा मुलगा त्याच्या जागेवर बसला. लोक इंटरनेटवर त्याला 'बस्ट', फुसका बार, म्हणतात. आम्ही इतकी वर्षं घातली, कॅम्पना नेलं, आमची रँक एवढी वर होती. नवरा म्हणतो, २ जानेवारीला पोर्टलमध्ये नाव घालायचं. मी म्हणते, लोक म्हणतील पळाला. थँक्सगिव्हिंगला तो तीन दिवस आला, नेहमीसारखे कढईभर पोहे खाल्ले आणि झोपून राहिला. जाताना पॅसेजमधली पाच ताऱ्यांची फ्रेम काढून कपाटामागे ठेवून गेला. मी ती परत लावली. आई दर रविवारी विचारते, "अजून बाकावरच का गं?" ताई, आम्ही नापास झालो का?

– एक आई, टेक्सास

(पत्र जागेअभावी कापलं आहे.)

नमस्कार,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली, कारण काहीतरी खटकत होतं. 'आम्ही', 'आमचं', 'आम्हाला' मिळून अकरा वेळा आलंय. आमची रँक, आमचे तारे, आमचं सिलेक्शन. आणि मुलगा काय म्हणतो, याचं चार पानांत एकही वाक्य नाही. त्याची एक कृती तेवढी आहे, फ्रेम काढल्याची. तिच्याकडे शेवटी येते.

थोडी माझी ओळख करून देते, म्हणजे माझ्या सल्ल्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी इथल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात वीसेक वर्षं खेळाडू मुलांची अभ्यासाची सल्लागार होते. मी पुण्याहून आलेली, पाच फूट एक इंच, आणि माझ्या खोलीत दारातून मान वाकवून येणारी ही पोरं. पहिल्याच महिन्यात एकाने मला सांगितलं, "मी रेडशर्ट आहे," तर मी त्याच्या शर्टाकडे पाहिलं. राखाडी होता. तेव्हा खेळातलं तंत्र मला विचारू नका. पण शाळेत गाजलेली आणि कॉलेजात बाकावर बसलेली वीस वर्षांची पोरं मी अगदी समोरच्या खुर्चीत पाहिली आहेत.

आधी त्या ताऱ्यांचं बघू. तुम्ही सांगलीच्या आहात, हळदीचे सौदे तुम्हाला ठाऊक असणार. ढिगातून मूठभर नमुना घ्यायचा आणि त्यावर अख्ख्या मालाची बोली लावायची. तारे याच जातीचे. सोळा-सतरा वर्षांच्या पोराचे शाळेतल्या सामन्यांचे तुकडे बघायचे, कॅम्पात हाफपँटीवर पळवायचं, उंची, वजन, हाताची लांबी मोजायची आणि चार-पाच वर्षांनी हा व्यावसायिक लीगमध्ये कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. '२४७स्पोर्ट्स' ही तारे देणारी साइट दर वर्षी साधारण बत्तीस मुलांना पाच तारे देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातली पोरं निवडून घेण्याच्या, पहिल्या फेरीत बत्तीस निवडी असतात. म्हणजे पाच तारे याचा अर्थ 'हा मुलगा पहिल्या फेरीत जाईल असं आम्हाला वाटतं'. वाटतं, एवढंच. शिवाय सौद्यासारखंच इथेही एका मोठ्या खरेदीदाराने बोली लावली की बाकीचे त्याच्याकडे बघून भाव वाढवतात. अलाबामा किंवा जॉर्जियासारख्या बड्या विद्यापीठाने स्कॉलरशिप देऊ केली की पोराचा तारा वर सरकलाच.

ही माणसं अडाणी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. पाच तारेवाल्यांपैकी साधारण निम्मी मुलं एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कुठे ना कुठे निवडली जातात. तीन तारेवाल्यांत हे प्रमाण फारच थोडं. म्हणजे अंदाजात दम आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही बघा. देशभरातून दर वर्षी वरच्या विभागात अडीच-तीन हजार मुलं भरती होतात, त्यातून निवडून काढलेल्या बत्तिसांपैकीसुद्धा निम्म्यांचं नाव पुकारलं जात नाही. तुमचा मुलगा त्या निम्म्यांत निघाला तर त्याने काही विपरीत केलं असं होत नाही. आपण 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' म्हणतो खरं, पण दिसतात ते पाय. चाल नाही दिसत.

आणि तो टॅकल आहे! हे तुमच्या नवऱ्याने तुम्हाला सांगितलं नाही याचं मला नवल वाटतं. चेंडू पळवणारा किंवा झेलणारा पोरगा पहिल्याच वर्षी चमकू शकतो, कारण वेग अंगातच असतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत धरून उभं राहणाऱ्या टॅकलसारख्यांचं तसं नसतं. शाळेत तुमच्या मुलासमोर दोनशे पौंडांचं पोर यायचं. याने नुसतं अंग टाकलं तरी ते आडवं. कॉलेजात समोर बावीस-तेवीस वर्षांचा बाप्या उभा असतो, तितकाच जड आणि जास्त चपळ. तिथे पावलं नव्याने शिकावी लागतात, हात कुठे टेकवायचे ते शिकावं लागतं, शेजारच्या चौघांशी एका श्वासात हलावं लागतं. चांगल्या संघांत या भिंतीतली, म्हणजे लाइनमधली, मुलं तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी जागा पटकावतात, हे तिथलं रोजचं आहे. दुसऱ्या वर्षी बाकावर बसलेल्या टॅकलला 'बस्ट' म्हणणारा माणूस बहुधा सामन्यात फक्त चेंडूच बघत असतो. ही जागाच अशी की समालोचक यांचं नाव घेतो ते चूक झाली तरच.

मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या सिएँट्रेल हेंडरसनचं उदाहरण देते, तोही टॅकलच. २०१० मध्ये तो देशातल्या सगळ्यात गाजलेल्या पोरांपैकी एक होता. मायामी विद्यापीठात गेला. दुखापती झाल्या, संघातून निलंबनंही झाली, आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये थेट सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत बफेलोच्या संघाने त्याला उचललं. सगळे म्हणाले, फुसका बार. त्याच वर्षी तो बफेलोकडून सोळाच्या सोळा सामन्यांत पहिल्यापासून खेळला. उलट टोकाला एरिक फिशर. मिशिगनच्या शाळेतून निघाला तेव्हा मोठ्या विद्यापीठांनी त्याची फारशी दखलच घेतली नव्हती. तो सेंट्रल मिशिगनला गेला, तिथे चार वर्षं वाढला, आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये अख्ख्या देशात पहिला निवडला गेला. तोही टॅकल. तुमचा मुलगा फिशर होईल असं मी म्हणत नाहीये. हेंडरसनही होणार नाही कदाचित. कदाचित तो कधीच पहिल्या अकरांत येणार नाही, चार वर्षं किकपुरता उतरेल आणि पदवी घेऊन बाहेर पडेल. हीसुद्धा खरी शक्यता आहे आणि ती मनाशी उच्चारून बघा, असं मी तुम्हाला आत्ताच सांगते. पण आज डिसेंबर २०२५ मध्ये यातलं काहीच ठरलेलं नाही. त्याच्याकडे अजून तीन सीझन शिल्लक आहेत.

आता 'नापास'. या शब्दावर मला जरा थांबायचंय, कारण नापास व्हायला आधी कुणीतरी परीक्षेला बसायला लागतं. रॉन पॉवलस नावाचा एक क्वार्टरबॅक होता, पेनसिल्व्हेनियातल्या बेरविकचा. १९९३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात आला. त्याने कॉलेजात एकही चेंडू फेकण्याआधी बीनो कुक या टीव्हीवरच्या नामांकित समालोचकाने सांगून टाकलं की हा पोरगा हाइजमन ट्रॉफी दोनदा जिंकणार. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी ही ट्रॉफी दोनदा जिंकणारा माणूस आजवर एकच झालाय, ओहायो स्टेटचा आर्ची ग्रिफिन, १९७४ आणि १९७५ मध्ये. पॉवलसचं तर सुरुवातीलाच गळ्याखालचं हाड (कॉलरबोन) मोडलं आणि पहिलं वर्ष गेलं. पुढची चार वर्षं तो खेळला, नोत्र दामचे पासिंगचे विक्रम स्वतःच्या नावावर करून गेला. हाइजमन एकदाही नाही. ड्राफ्टमध्ये निवड नाही. आणि तीस वर्षांनंतरही त्याचं नाव निघालं की लोक विक्रमांबद्दल बोलत नाहीत, न मिळालेल्या त्या दोन ट्रॉफ्यांबद्दल बोलतात. मला सांगा, तो शब्द दिला कुणी होता? पॉवलसने नक्कीच नाही. पुढे तो त्याच विद्यापीठात क्वार्टरबॅकचा कोच झाला, म्हणजे त्या जागेचा त्याने तरी राग धरला नाही.

तुमच्या मुलानेही कुणाला काही लिहून दिलेलं नाही. तारे एका साइटने दिले, ढोल लोकांनी वाजवले, टोपी त्याने उचलली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

पोर्टलचं मला वावडं नाही. २०१८ पासून ते आहे, आणि २०२१ नंतर पहिल्या बदलीला वर्षभर घरी बसावंही लागत नाही. त्यामुळे अडकून पडलेल्या कितीतरी मुलांची सुटका झाली. 'पळाला' म्हणणारे म्हणोत. कोच मध्येच दुसऱ्या विद्यापीठाचा जास्तीचा पगार घेऊन जातो तेव्हा त्याला कुणी पळाला म्हणत नाही. तो मुद्दा मी इथेच सोडते. पण यंदा खिडकी एकच आहे, २ ते १६ जानेवारी. वसंतातली दुसरी खिडकी त्यांनी बंद केली. पंधरा दिवस, आणि हजारो पोरं एकाच वेळी रस्त्यावर. नाव घातलं की जुन्या विद्यापीठावर त्याची जागा किंवा स्कॉलरशिप राखून ठेवायचं बंधन राहत नाही. त्यात संघाची मर्यादा आता १०५ मुलांची झालीय. खुर्च्या कमी, गाणं चालू. मोठ्या ठिकाणचा पाच ताऱ्यांचा पोरगा म्हणून फोन येतील, नक्की येतील. जुना तारा पोर्टलमध्ये पहिले दोन दिवस फार चमकतो. मग समोरचा कोच व्हिडिओ मागतो, आणि तुमच्या मुलाकडे दाखवायला सात सामन्यांतल्या किक आहेत.

म्हणून मी तुम्हाला माझ्या खोलीतले प्रश्न देते, मैदानावरचे नाही. त्याचे किती क्रेडिट झालेत? तिसरं वर्ष सुरू होण्याआधी पदवीचा ४० टक्के अभ्यास पूर्ण नसेल तर कॉलेज खेळांची संघटना एनसीएए त्याला खेळूच देणार नाही, मग तो कितीही थोर असो. चौथ्या वर्षाआधी ६०, पाचव्याआधी ८०. आणि हा ४० टक्के नव्या विद्यापीठाच्या, नव्या विषयाच्या हिशोबाने मोजतात. जुन्याकडचे सगळे विषय नवं विद्यापीठ मोजेलच असं नाही. माझ्यासमोर बसून ढसाढसा रडलेला एक मुलगा आठवतो. नवा संघ मिळाला होता, जागाही पक्की होती, आणि अर्धे क्रेडिट हवेत विरले. त्याने बदली ठरवताना कोचला फोन केला होता, टीममेटला केला होता, मामाला केला होता. अभ्यासाच्या सल्लागाराला तेवढा केला नव्हता. तेव्हा २ तारखेच्या आधी, नाताळाची सुट्टी लागायच्या आत, त्याने स्वतः (तुम्ही नाही, त्याने) आपल्या सल्लागाराकडे जाऊन क्रेडिटचा कागद घ्यावा. त्यानंतर नव्या लाइन कोचला भेटून सरळ विचारावं की वसंतातल्या सरावात मी कुठे उभा असेन. उत्तर गोलगोल आलं तर तेही उत्तरच आहे. आणि विद्यापीठाकडून पैसे मिळत असतील, यंदापासून ते थेट देतात, तर तो करार एखाद्या वकिलाला वाचायला द्या. मध्येच सोडलं तर किती परत करायचे, हे त्यात कुठेतरी बारीक अक्षरात असतं. मिळालेल्या पैशांवर टॅक्स भरलाय का तेही विचारा. वीस वर्षांच्या मुलाने पिकअप ट्रक घेतला असेल, टॅक्सचं नाव काढलं नसेल.

चांगल्या बदलीचं उदाहरण विचाराल तर जो बरो. ओहायो स्टेटला तीन वर्षं दुसऱ्याच्या मागे बसला, पण त्या तीन वर्षांत पदवी हातात घेऊन मगच २०१८ मध्ये लुइझियानाला एलएसयूत गेला. तिथलं पहिलं वर्षही बरंच होतं, गाजावं असं नाही. २०१९ मध्ये साठ टचडाउनचे पास, हाइजमन, अजिंक्यपद. म्हणजे कॉलेजात आल्यापासून पाचव्या वर्षी. जेलन फिलिप्सची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. २०१७ मध्ये देशात पहिल्या नंबरचा गणला गेलेला पोरगा, लॉस एंजेलिसला यूसीएलएत. डोक्याला मार बसत राहिला, त्यात स्कूटरला गाडीने उडवलं, मनगट गेलं, आणि २०१८ मध्ये वैद्यकीय कारणावरून खेळच थांबला. तेव्हा त्याला 'बस्ट' म्हणणं अगदी सोपं होतं. तो संगीताकडे वळला, मायामी विद्यापीठात गेला, एक वर्ष नुसता थांबला आणि २०२० मध्ये परत उभा राहिला. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये अठरावा. परत खेळायचंय हे त्याला मधल्या त्या रिकाम्या वेळात कळलं असावं, असा माझा आपला तर्क.

तुमच्या घरात तो रिकामा वेळ नाहीये. नवरा एका टोकाला ओढतो, तुम्ही दुसऱ्या. नवऱ्याबद्दल एक वाक्य लिहिते आणि गप्प बसते: छोट्या कॉलेजात खेळलेल्या बापाला मोठ्या मैदानावर कोण हवंय, हे त्यांनी एकदा स्वतःला विचारावं. वाईट बाप म्हणून नाही म्हणत. चांगल्या बापांचंच असं होतं. टॉड मारिनोविचचे वडील आठवतात. मुलाला क्वार्टरबॅक बनवायचं म्हणून त्यांनी त्याला साखर, मैदा काही शिवू दिलं नाही. दुसऱ्या पोरांच्या वाढदिवसाला तो स्वतःचा वेगळा केक घेऊन जायचा. १९९१ मध्ये तो पहिल्या फेरीत निवडला गेला, म्हणजे वडिलांचा अंदाज बरोबर ठरला. दोन सीझन, आणि त्यानंतर कित्येक वर्षं व्यसनाची लढाई. तुमचं घर तसं नाही, तुमच्याकडे कढईभर पोहे आहेत. पण ती अकरा 'आम्ही' मला राहून राहून दिसतायत.

सांगलीच्या आजींना काय सांगायचं? खरं ते. लाइनमधल्या पोरांचं तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतं, आणि नाहीही दिसलं तरी त्याची फी भरलेली आहे. फीचं ऐकून त्या गप्प बसतील. आपल्या आज्यांना ते फार पटतं. आणि दर रविवारी बाकाचा विषय काढू नका, असंही सांगा त्यांना. आमच्या वेळी मेरिट लिस्ट लागायची ते तुम्हालाही आठवत असेल. माझ्या वर्गातली एक मुलगी दहावीला बोर्डात आली. पेपरात फोटो, दारात पेढे, नगरसेवकाच्या हस्ते सत्कार. बारावीला तिला साधा फर्स्ट क्लास मिळाला. तिच्या आईने ते पेपरचं कात्रण काचेखाली घालून बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी कात्रणावर आणि मग तिच्यावर जायची. गेल्या वर्षी पुण्यात भेटली. बँकेतून रिटायर झालीय, नातवंडं आहेत, सुखात आहे. म्हणाली, आई गेल्यावर घर आवरायला घेतलं तेव्हा मी सगळ्यात आधी ते कात्रण शोधलं.

तर ती फ्रेम. तुमच्या मुलाने ती फोडली नाही, कचऱ्यात टाकली नाही. कपाटामागे ठेवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली असेल बहुतेक. वीस वर्षांच्या मुलाकडून याहून समजूतदार वाक्य माझ्या खोलीत मी फार वेळा ऐकलेलं नाही. तुम्ही ती परत लावलीत. त्याला ते अजून माहीत नाही. नाताळला तो घरी यायच्या आत ती उतरवा आणि त्याने ठेवली होती तिथेच ठेवा.

मग सकाळी तो उठून स्वयंपाकघरात येईल, तेव्हा पोर्टल काढू नका, कोच काढू नका, आजी तर नाहीच. एवढंच विचारा, सकाळी पाचला उठून त्या वजनांच्या खोलीत जायला तुला अजून आवडतं का रे? उत्तर लगेच येणार नाही. मधली जागा भरायला जाऊ नका. पोहे परतत राहा.